ब्रूनोच्या भांड्यात काय घालायचं

माझं नाव हौसाबाई. गाव आमचं सांगोल्याच्या अंगाला, माण नदीच्या काठी, नदी म्हणायची आपली, पाणी दिसायचं कवातरी. आमी धनगर. बापाची मेंढरं व्हती, सासऱ्याची मेंढरं व्हती, लगीन झालं म्हंजी मी एका कळपाच्या मागनं निघाले आन् दुसऱ्या कळपाच्या मागं लागले, तेवढाच काय तो फरक. शाळेचं तोंड बघितलं न्हाई. पण एवढ्या मेंढरात कुठलं आज चरत न्हाई, कुणाचं पोट फुगलंय, कुठली आज-उद्या विणार, हे मी बांधावर बसून सांगत व्हते, आन् हे तुमी पैलं लिवून घ्या, कारण सोलापुरातल्या त्या साहेबानं मला इचारलं, तुला काय कळतं गं जनावरातलं म्हणून. मला! बारा वर्सं मावशी-मावशी, तुमी-तुमी, आन् त्या दिशी एकदम तू. सांगती, समदं सांगती, पण मला सुरवातीपासनं सांगू द्या, न्हाईतर तुमाला वाटंल म्हातारी उगंच तणतण करती.

तर मेंढरं म्हटली की कुत्रं आलंच. आमच्याकडं तीन व्हती. त्यास्नी काय घालायचं? ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, ताक नसंल तर कालवणाचं पाणी, ते बी नसंल तर नुसतं पाणी. आन् एक नेम व्हता, माझ्या सासूचा, तिच्या सासूचा, आमच्या समद्या मेंढक्यांचा, की कुत्र्याच्या तोंडाला कच्चं लागू द्यायचं न्हाई. मेंढी व्याली की मागनं वार पडती, ती लगी उचलायची, खोल खड्डा करून पुरायची आन् वर काटेरी फांदी टाकायची. कोकरू मेलं तरी तसंच पुरायचं. का, तर कच्च्या रक्ताची चव घेतलेलं कुत्रं मंग राखण करत न्हाई, ते कोकराकडं येगळ्याच नजरंनं बघायला लागतं. जत्रंत बोकड पडलं तर हाडकं पाण्यात चांगली उकळायची, मंग कुत्र्याम्होरं टाकायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी माझ्याच हातनं चूक झाली. मेंढी व्याली, मी पोराला पाजत बसले, वार उचलायला मला उशीर झाला आन् काळ्यानं ती खाल्ली. काळ्या म्हंजी आमचं सगळ्यात शाणं कुत्रं. आठ दिसात त्येनं कोकरू धरलं की वो. सासऱ्यानं त्येच्या गळ्यात दोरी घातली आन् नदीपल्याड लांब सोडून आले. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा सासरे घेऊन गेले ते एकलेच परत आले, आन् कुटं सोडला म्हणून आमी कुणी इचारलं न्हाई. सासू मला एक शबूद बोलली न्हाई, पण महिनाभर कुत्र्यास्नी भाकर घालू दिली न्हाई माझ्या हातानं. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आन् आनखी एक. माझ्या दिराच्या पोटात दुखायचं, लई वर्सं दुखायचं, अंगारे झाले, काढे झाले, शेवटी हितं सोलापूरला मोठ्या दवाखान्यात आणला तर काळजात, डॉक्टर लिव्हर म्हणतेत त्यात, पाण्याची पिशवी निघाली, एवढी, ताडगोळ्यावानी. डॉक्टर म्हणाला घरात कुत्री हायत का, मेंढरं कापल्यावर कच्चं काळीज, फुप्पुस कुत्र्यास्नी टाकता का, त्यातनं बारीक जंत कुत्र्याच्या पोटात जातो आन् कुत्र्यातनं माणसात येतो. आमी म्हटलं आमी न्हाई टाकत वो, पण खाटकाच्या दुकानाम्होरची कुत्री आमच्या कुत्र्यांत मिसळतात, त्याला काय करायचं. तवापासनं कच्चं मटण दिसलं की मी आदी पोरास्नी लांब करती. हे ध्यानात ठेवा, कारण म्होरं मी जे केलं ते काय कुणाचं वाईट करायला केलं न्हाई.

मेंढरं इकली त्याला झाली आता पंधरा वर्सं. चरायला रानच उरलं न्हाई, जिथं-तिथं तारंची कुंपणं, आन् आमच्या मालकाचं गुडघं गेलं. पोरगं म्हणालं चला सोलापूरला. मालक एका बिल्डिंगीवर राखणदार झाले, म्हणायचे आदी मेंढरं राखली, आता मोटारी राखतो, मोटारी बऱ्या, पळत न्हाईत. मी घरकाम धरलं. सात रस्ता चौकाच्या मागच्या अंगाला बंगला हाय, तिथं साहेबांची आई व्हती तवा, तिनं मला ठेवली. लई देवमाणूस. धुणं-भांड्याला ठेवली आन् सहा महिन्यात सैपाकघर माझ्या हातात दिलं, म्हणाली हौसा, तुझ्या हातची भाकरी चांगली फुगती. ती गेली. मंग साहेबांचं लगीन, वहिनी आल्या, पोरगी झाली, परी तिचं नाव, ती रांगायला लागायच्या आदी कुत्रं आलं. ब्रूनो. पिवळं, जाडजूड, कान लोंबतेत, जातीचं कुत्रं हाय म्हणायचे, दिसायला वासरावानी. राखण करायची त्येला अक्कल न्हाई, चोर आला तर त्येच्या म्होरं बी शेपूट हालवंल. पण जीव लावतं वो जनावर. मी फाटक उघडलं की पळत यायचं, चप्पल तोंडात धरायचं, आन् मी सैपाक करत बसले की माझ्या पायावर मुंडकं टाकून झोपायचं. लाथ मारायची म्हटलं तरी मारू वाटायची न्हाई.

वहिनी पैल्यापासनं त्येला गोळ्या घालायच्या. पिशवीत येतात त्या, खडखडीत, सुक्या बोंबलाचा वास येतो बघा. सकाळी एक वाटी, सांजच्याला एक वाटी, मोजून. पैल्या दिशी मी म्हटलं, वहिनी, हे बिनपाण्याचं खाऊन त्येचा घसा सुकत न्हाई का, तर म्हणाल्या, मावशी, त्यात सगळं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय. बरं बाई. सगळं असतं तर असू दे.

आन् मंग साहेबांच्या डोस्क्यात भुंगा शिरला. कुणी पुण्याचा दोस्त हाय, त्येचं कुत्रं कच्चं खातं. मोबाइलवर बघायचे सारखं. एक दिस जेवताना म्हणाले, कुत्रा हा मुळात लांडगा आहे, त्याला कच्चं मांसच लागतं, ह्या गोळ्यांत नुसता भुसा भरलेला असतो. वहिनी म्हणाल्या, लांडगा? हा? हा झुरळाला घाबरतो. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. पण ते हसण्यावर राहिलं न्हाई. वहिनी म्हणाल्या, माझी पोरगी ह्या फरशीवर रांगते, तिथं मी कच्च्या मांसाचं तोंड फिरवू देणार नाही. साहेब म्हणाले, मग त्याला सिमेंटचे खडे घाल. आन् असं दोन-दोन तास. कधी मराठीत, तापले की इंग्लिशमधी. मी तितंच भांडी घासती, मी काय भिंत हाय? त्या भांड्यात रोज घालणारी कोण, मी. धुणारी कोण, मी. मागनं त्येची घाण उचलणारी बी मीच. पण मावशी तुमाला काय वाटतं असं कुणाच्या तोंडातनं एकदा, एकदा तरी निघालं असतं तर मी सांगितलं असतं की काळ्याचं, दिराचं, समदं. इचारलंच न्हाई. आन् मी बी मधी तोंड घातलं न्हाई, मालकाच्या भांडणात चाकरानं तोंड घालू नये असं आपलं समजत आले.

साहेबांनी आपलं खरं केलं. रशीदभाईच्या दुकानातनं कोंबडीच्या माना, पंख, काळजं यायला लागली, फ्रीजमधी येगळा डबा. रशीदभाई मला म्हणायचा, मौसी, इत्ता माल कुत्ते के वास्ते? मी म्हणायची व्हय रे बाबा, लांडगा हाय तो. साहेब सकाळी डबा भाईर काढून ठेवायचे आन् म्हणायचे, मावशी, दहा वाजता हे असंच घाला, गोळी एकही द्यायची नाही. साहेबांची मोटार फाटकाभाईर गेली की वहिनी यायच्या, म्हणायच्या, मावशी, ते कच्चं फेकून द्या आणि गोळ्या घाला, ह्यांना कळायची गरज नाही. सांगा आता. एक म्हणतो घाल, एक म्हणती फेक. कुणाचं ऐकायचं? ऐकलं न्हाई तर कुणाच्या शिव्या खायच्या? आन् फेकायचं म्हंजी काय वो, जीव मारून आणलेलं मटण कचऱ्याच्या डब्यात टाकायचं? माझा हात उचलंना. कच्चं घालायला बी उचलंना, तितं पोरगी त्येच्या तोंडाशी तोंड लावून बसायची, मला माझ्या दिराचं पोट दिसायचं. मंग मी काय केलं, तर मला जे ठावं व्हतं ते केलं. मी ते कुकरात घातलं, हळद टाकली, चार शिट्ट्या घेतल्या, गार केलं, आन् त्याच भांड्यात घातलं. वर वहिनीसाठी मूठभर गोळ्या. कच्चं न्हाई, फेकलं न्हाई, कुत्रं चाटून-पुसून खायचं. मला वाटलं मी दोघांचं भांडण कुकरात घालून मिटवलं. आमच्या सासूनं बघितलं असतं तर शाबास म्हणाली असती.

आता हे नीट ऐका. दुसऱ्या का तिसऱ्या दिशी वहिनी सैपाकघरात आल्या, कुकर वाजत व्हता. म्हणाल्या, मावशी, आज चिकन? मी म्हटलं न्हाई वो, ब्रूनोचं हाय. मला वाटलं आता बोलतील. त्या हसल्या. म्हणाल्या, बरं केलंत, निदान जंतू तरी मरतील, ह्यांना मात्र बोलू नका. आन् दारापतूर जाऊन परत फिरून म्हणाल्या, अजून एक शिट्टी होऊ द्या. मी अजून एक शिट्टी होऊ दिली. त्येच्या म्होरं रोज पाच शिट्ट्या. शपथ घेऊन सांगती, परीच्या डोक्यावर हात ठेवून सांगती, एवढंच बोलणं झालं आन् असंच झालं.

महिनाभर काय झालं न्हाई. साहेब म्हणायचे बघा केस कसे चमकतात, हे कच्च्यामुळं. वहिनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावायच्या. मला बी मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. रविवारी मातर साहेब स्वताच्या हातानं कच्चं घालायचे, मोबाइलवर चित्र काढायचे आन् दोस्ताला पाठवायचे, त्या दिशी मी परीला घेऊन अंगणात जाऊन बसायची.

आन् एका मंगळवारी मी गेले तर ब्रूनो फाटकापतूर आला न्हाई. कोपऱ्यात बसलेला, पाठ कमानीवानी वर, मुंडकं खाली. मी जवळ गेले, पोटाला हात लावला तर दगड. माझ्या हाताला लगी कळलं, म्हटलं वहिनी ह्येचं पोट धरलंय, ह्येला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या काही तरी खाल्लं असेल, होईल बरा. दुपारच्याला त्येनं वकलं, त्यात रगात. मंग धावाधाव. साहेब ऑफिसातनं आले, दोघांनी त्येला चादरीत घालून मोटारीत ठेवला, तर ते कुणाला हात लावू देईना, माझ्याच मांडीवर मुंडकं टाकलं, म्हणून मला बी मोटारीत बसवलं, वहिनी परीला घेऊन म्होरं बसल्या. सगळ्या वाटंनं दोघं भांडत व्हते. सांगितलं होतं ना, कच्चं घालू नका! तुझ्या गोळ्यांनीच आधी पोट बिघडवलंय! आन् ते मुकं जनावर माझ्या मांडीवर थरथर कापतंय. मला वाटलं दोघास्नी मोटारीतनं खाली उतरवावं आन् आपणच हाकावी, पण मला कुटं मोटार येती.

डॉक्टर तरणाच व्हता, शांत. त्येनं फोटू काढला पोटाचा, दिव्याम्होरं धरला, म्हणाला, आतड्यात हाडाचा तुकडा अडकलाय. काय खायला दिलंत? साहेब म्हणाले, कच्चं चिकन, माना आणि पंख, रॉ डाएटवर आहे तो. डॉक्टरनं फोटू खाली ठेवला आन् म्हणाला, हे बघा, मला नक्की सांगा, कारण त्यावर सगळं आहे. हाड कच्चं असेल तर ते मऊ असतं, बऱ्याचदा विरघळून निघून जातं, मी सलाईन लावून उद्यापर्यंत वाट बघेन, उगाच पोट उघडणार नाही. पण शिजवलेलं असेल तर ते काचेसारखं टोकदार तुटतं, आतडं फाडतं, मग मी एक तासही थांबणार नाही. कच्चं होतं की शिजवलेलं?

साहेब म्हणाले, कच्चं. शंभर टक्के कच्चं. आमच्या घरात त्याला शिजवलेलं कुणी देतच नाही. आन् त्या चिकनवाल्यानंच खराब माल दिलाय, असं म्हणत रशीदभाईला तितंच फोन लावला आन् त्येच्यावर ओरडायला लागले, त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा.

काय सांगू तुमाला माझं काय झालं. कोंबडीचं हाड उकळलं की काच व्हतं, हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कुत्र्यास्नी कोंबडी कधी मिळाली, आमी घातली ती बोकडाची नळी, जाड, दोन-दोन दिस चघळत बसायची. ही ब्रॉयलर कोंबडीची मान म्हंजी काडीच की वो. मी वहिनीकडं बघितलं. त्यास्नी ठावं व्हतं. रोजच्या पाच शिट्ट्या त्यास्नी ठाव्या व्हत्या. मी बघितलं, म्हटलं आता बोलतील, शिकलेली बाई हाय, त्येंचाच नवरा हाय, बोलल्या तर काय घरातनं काढणार हायत का त्यास्नी? मला काढतील, त्यास्नी न्हाई. वहिनी परीच्या पायातला मोजा सारखा करायला लागल्या. मोजा सारखाच व्हता.

डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, सलाईन लावू. आन् तो वळला. मी म्हटलं, थांबा. शिजवलेलं हाय.

समदे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, रविवार सोडला तर रोज शिजवलेलं हाय, महिना झाला, मी शिजवलंय कुकरात, पाच शिट्ट्या. कालच्याला दोन माना आन् पंख व्हते, समदं शिजवलेलं. तुमी वाट बघू नका डॉक्टर. साहेबानं फोन कानावरनं काढला आन् तोंड उघडलं, तवाच ते बोलले, तुला काय कळतं गं जनावरातलं? तुला सांगितलं होतं ना कच्चं घाल म्हणून? कुणाच्या परवानगीनं शिजवलंस? परवानगी माझ्या शेजारी उभी व्हती, मोजा सारखा करत. मी तिचं नाव घेतलं न्हाई. म्हटलं, माझं मी शिजवलं. डॉक्टर म्हणाला, भांडण नंतर करा, टेबलावर घ्या त्याला. आन् जाता-जाता मला म्हणाला, बाई, बरं झालं बोललात. तेवढं एकच वाक्य चांगलं ऐकलं मी त्या दिशी.

पोट फाडलं, तुकडा काढला. काचंवानीच निघाला, मला दाखवला. आतड्याला बारीक भोक पडायच्या बेतात व्हतं म्हणं, उद्यापतूर थांबलं असतं तर ब्रूनो उठला नसता. वाचलं कुत्रं. मी तितंच बाकड्यावर बसून रडले. आन् तिकडं नवरा-बायको एकमेकाच्या खांद्यावर हात ठेवून उभं. सहा महिनं ज्यांचं त्या भांड्यावरनं एका गोष्टीवर जमलं न्हाई, त्यांचं एका मिंटात जमलं, की चूक मावशीची! साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तू सोडून परत तुमी म्हणाले, राग उतरला व्हता ना. वहिनी म्हणाल्या, आम्हाला कल्पनाच नव्हती हो मावशी, तुम्ही सांगायला तरी हवं होतं. माझ्या तोंडावर बोलल्या! मला वाटलं माझ्या कानाला काय झालंय. मी त्येंच्याकडं बघतच राहिले, आन् त्या बी माझ्याकडं बघत व्हत्या, डोळ्यात पाणी, आन् तोंडानं खोटं.

घरी आले. मालकास्नी सांगितलं. ते तंबाखू मळत व्हते, म्हणाले, कुत्र्यापायी गेलं व्हय काम? मी म्हटलं न्हाई, खऱ्यापायी गेलं. ते म्हणाले, मग वहिनीचं नाव का घेतलं न्हाईस, ते बी खरंच व्हतं की. मी म्हटलं, डॉक्टरनं इचारलं ते कच्चं का शिजवलेलं, एवढंच इचारलं, त्या जनावराला तेवढंच लागत व्हतं. बाकीचं त्या बाईचं तिनं सांगायचं. मालक म्हणाले, तिनं सांगितलं का? न्हाई. मग झालं, म्हणाले, आन् तंबाखू तोंडात टाकला.

दीड महिन्यानं वहिनी आमच्या खोलीवर आल्या. रिक्षा करून, एकल्याच. पैल्यांदा आल्या बघा, बारा वर्सात कुणी आलं नव्हतं. हातात पिशवी. मी बसायला चटई टाकली, च्या केला. इचारलं, ब्रूनो कसा हाय? बरा आहे म्हणाल्या. खातो काय? तर खाली मान घालून म्हणाल्या, डॉक्टरांनी भात आणि बिनहाडाचं शिजवलेलं चिकन सांगितलंय, तेच चालू आहे. आता मला सांगा! शिजवलेलं! कच्चं न्हाई, गोळ्या बी न्हाईत, तर शिजवलेलं! मग सहा महिनं घर डोक्यावर घेऊन काय मिळवलं दोघांनी? मी हसले, पण ते हसू बरं नव्हतं. म्हणाल्या, मावशी, नवी बाई आहे, पण तिचं लक्ष नसतं, तुम्ही परत या, ह्यांची पण हरकत नाही, ह्यांनी तुम्हाला माफ केलंय. आन् पिशवीतनं साडी काढली, चांगली, काठापदराची.

माफ केलंय! ऐकलं का? मी साडीला हात लावला न्हाई. म्हटलं, वहिनी, एक इचारती, साहेबास्नी शिट्टीचं सांगितलं का? त्या म्हणाल्या, सांगेन, हळूहळू सांगेन, ते चिडतात हो, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, मला चांगलं माहीत हाय, ते मला तू म्हणाले, तुमाला काय म्हणतील, लई तर आठ दिस बोलणार न्हाईत. तुमी सांगा, हळूहळू सांगा, आन् सांगितल्यावर मला बोलवा, मी त्याच पावली येईन. घरी आलेल्या सवाष्णीला तसं धाडत न्हाईत आमच्यात, मी त्यास्नी हळद-कुंकू लावलं, हातावर साखर घातली, आन् ती साडी घडी करून परत त्येंच्या पिशवीत ठेवली. रडल्या. मला बी रडू आलं, त्या पोरीची आठवण आली, कुत्र्याची आली. पण साडी काय मी परत काढली न्हाई.

त्याला बी आता चार महिनं झालं. बोलावणं आलेलं न्हाई. मी एका मास्तराच्या घरी लागले, त्येंच्याकडं एक म्हातारं गावठी कुत्रं हाय. पैल्या दिशी मी नवरा-बायको दोघास्नी सैपाकघरात बोलावलं, म्हटलं ह्येला काय घालायचं आन् का घालायचं, दोघांनी माझ्याम्होरं बोला, एकानं मागनं येऊन कानात सांगायचं न्हाई. ती दोघं हसली. मी हसले न्हाई. मंग बोलली बिचारी.

ब्रूनो सुखात राहू दे. काय बी खाऊ दे, पण त्येच्या पोटाला पचू दे आन् त्या पोरीबरोबर बरीच वर्सं खेळू दे, एवढंच माझं मागणं. राग म्हणाल तर हाय, जाणार न्हाई. साहेबांचा हाय, वहिनीचा हाय, आन् थोडा माझा बी हाय, कारण कुणी मला इचारलं न्हाई म्हणून मी गावभर ओरडत फिरती, पण तो कुकर लावायच्या आदी मी तरी कुणाला इचारलं? एका डॉक्टरला इचारलं असतं. मला वाटलं मला ठावं हाय. ते बी लिवा, माझं नाव घालून लिवा, हौसाबाई चुकली म्हणून. वहिनीचं नाव मातर घालू नका. ते त्येंच्या तोंडातनं, साहेबांच्या म्होरं निघाया पायजे, आन् मी अजून वाट बघती.